लोकरीचे पोकळ गोळे

नील आणि सई,

मी सोलापूरला चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि बारा दिवस राहून आले. तुमच्या बाबांनी फोनवर तीनदा विचारलं, "आई, तिथे एवढं आहे तरी काय?" मी म्हटलं, "लोकर आहे." ते हसले. फोनवर सांगून कळण्यासारखं ते नव्हतंच. आता घरी आले आहे, बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली आहे, औषधांचा डबा पुन्हा भरला आहे आणि सगळं क्रमाने लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते, कारण ज्या माणसांबद्दल लिहायचं ती मराठीत बोलली. जिथे अडेल तिथे बाबांना विचारा.

आपल्या पुण्याच्या घरी वरच्या खोलीत सुवर्णा राहायची, ती आठवते ना? सईच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घालायची की सईचे डोळे तिरपे व्हायचे. मंगळवेढ्याकडच्या मेंढपाळ घरातली मुलगी. इथे एम.एस्सी. करून ती सोलापूरला पीएच.डी.साठी गेली. डिसेंबरात तिचा फोन आला, "आजी, माझ्या प्रबंधाचं इंग्रजी एकदा बघून द्याल का? पाठवते." मी म्हटलं, "पाठवू नकोस, मीच येते." जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्यावर माणसाला समोर बसवून चुका दाखवायची सवय लागते. कागदावर नुसत्या खुणा करून माझं समाधान होत नाही.

मंगळवार, सोलापूर

सुवर्णा स्टेशनवर स्कूटर घेऊन आली होती. मी बॅगेसकट रिक्षात बसले आणि ती पुढे स्कूटरवर, आमच्या मिरवणुकीची अब्दागिरी असावी तशी. तिची खोली एका विणकर कुटुंबाच्या घरात आहे. घरमालकीणबाई नवऱ्याशी तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत आणि मांजराशी हिंदीत. मांजर फक्त तेलुगू ऐकतं.

जेवायला कडक भाकरी होती. पापडासारखी पातळ ज्वारीची भाकरी. चांगली खुटखुटीत लागली म्हणून मी विचारलं, "सकाळची का?"

"नाही आजी, मागच्या आठवड्यातली."

आपल्याकडे सकाळची पोळी रात्री पानात पडली तर आजोबांचा चेहरा कसा होतो, ते तुम्ही पाहिलं आहे. इथे भाकरी मुद्दाम वाळवून कडक करतात, आठवडाभर ठेवतात आणि आमटीत चुरून शेंगाच्या चटणीबरोबर खातात. मी दोन खाल्ल्या. दाढेची काळजी घेत खाल्ल्या, पण खाल्ल्या.

जेवण झाल्यावर सुवर्णाने प्रबंध समोर ठेवला. चार प्रकरणं नीट टाइप केलेली. पाचव्याचं नुसतं शीर्षक, खाली कोरा कागद.

"हे राहिलं का लिहायचं?"

"लिहायचं नाही राहिलं, आजी. व्हायचं राहिलंय," ती म्हणाली आणि भांडी उचलून आत गेली.

बुधवार, प्रयोगशाळा

तिचं काम काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

तुम्ही शाळेत फुग्यावर कागदाचे तुकडे खळीने चिकटवून ग्रह केले होते. वाळल्यावर आतला फुगा फोडून ओढून काढला आणि पोकळ गुरू ग्रह उरला. सुवर्णा तेच करते, पण तिचा गोळा इतका बारीक असतो की केसाच्या जाडीत असे शेकडो ओळीने मावतील. आपले केस, नखं, मेंढीची लोकर हे सगळं एकाच जातीच्या प्रथिनाचं असतं, केरॅटिन त्याचं नाव. ती लोकर रसायनात विरघळवून ते प्रथिन वेगळं काढते, त्यात दुसरा एक पदार्थ मिसळून त्याच्या लांब साखळ्या जोडते. त्या साखळ्या आपोआप गोळा होतात. मग गोळ्याची फक्त साल पक्की करायची आणि आतला गाभा विरघळवून बाहेर काढायचा. राहिला पोकळ गोळा.

आणि तो नुसता पोकळ नाही, शहाणा आहे. आंबट पाण्यात गेला की आक्रसून दार लावून घेतो. आंबटपणा गेला की फुगतो आणि दार उघडतो. आपल्या जठरात आम्ल असतं आणि आतड्यात नसतं. म्हणून त्यात औषध भरलं, तर ते जठरातून सुखरूप जाईल आणि आतड्यात बाहेर पडेल. मी म्हटलं, "म्हणजे कुणाकडे बोलायचं आणि कुणाकडे गप्प बसायचं, हे त्याला कळतं." सुवर्णा म्हणाली, "आजी, हे प्रबंधात लिहू नका."

तिने मला दोन नळ्या दाखवल्या. एकीत गेल्या वर्षीचं द्रावण होतं. पाणी घालून पातळ केलेल्या नारळाच्या दुधासारखं, उजेडात धरलं की निळसर झाक मारणारं. दुसरीत गेल्या महिन्यातलं. ते नासलेल्या दुधासारखं होतं, तळाला फुटक्या चोथ्याचा थर.

"गेल्या वर्षी एकदाच जमलं. त्यानंतर तीन वेळा केलं, तिन्ही वेळा असंच. लोकर तीच, मामाच्या मेंढ्यांची. रसायनं तीच, हात माझेच."

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक बिराजदार मॅडम आल्या. ठेंगण्या, झपाझप चालणाऱ्या बाई. अक्कलकोटकडच्या, त्यामुळे बोलण्यात कानडीचा हेल.

"बसा की मावशी, उभ्या का? सुवर्णा, सांगितलीस का यांना?" आणि तिच्या उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी समिती बसणार होती. नोंदणीची मुदत आधीच एकदा वाढवून घेतली होती, ती पुन्हा वाढत नाही. आणि प्रबंधाच्या शीर्षकातच दख्खनी मेंढीची लोकर आहे, तेव्हा बाजारची दुसरी लोकर आणून भागणार नव्हतं. "एकदा जमलं ते नशीब हो. दोनदा जमलं, तेही एकदा दुसऱ्याच्या हातानं, तर मी त्याला काम म्हणणार. नाहीतर हे प्रकरण काढून टाकायचं. आणि हे काढलं तर उरलं काय? पाच वर्षं."

सुवर्णा नळीकडे बघत होती. मॅडम गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मामाला काय सांगू? कळप माझ्यासाठी राखलाय म्हणतो."

मी त्या दिवशी पहिल्या प्रकरणातल्या दोनशे चुका काढल्या. काहीतरी दुरुस्त होण्यासारखं हाताशी हवं होतं.

शुक्रवार, मामाची वस्ती

शेवटचा उपाय म्हणून सुवर्णाने मामाकडून आणखी लोकर आणायचं ठरवलं. मी म्हटलं, मीही येते. एसटीने मंगळवेढा आणि तिथून मामाच्या ओळखीच्या जीपने वस्तीवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि माणूसभर उंच ज्वारी, कणसं दाण्यांनी भरलेली. मी कोकणात वाढले. मला झाड नसलेला मुलूख उघडा वाटतो. पण इथे आकाश इतकं खाली उतरतं की उघडं वाटायला जागाच राहत नाही.

बिरूमामा दारातच उभे होते. पांढरं मुंडासं, पांढऱ्या मिशा. "या, या, मास्तरीणबाई! आमच्या सुवर्णीचं विंग्रजी तुमी सुधारताय म्हनं. मराटी मात्र बिघडली तिची, पुन्याला ऱ्हाऊन."

"मामा!" सुवर्णा म्हणाली.

"बगा, 'मामा' बी कसं म्हनती. टीव्हीतल्या बाईगत."

अंगणात दोन खुंट्यांमध्ये काळ्या लोकरीच्या सुताचा ताणा लांबच लांब ताणला होता. घोंगडीसाठी. लक्ष्मीमामी कुंच्याने त्यावर काहीतरी चोपडत होत्या. बाजूच्या पातेल्यात घट्ट पेज असावी तसलं तपकिरी काही होतं. मला बाजेवर बसवलं, पुढ्यात शेणीच्या निखाऱ्यांवर भाजलेला गरम हुरडा आला, शेंगाची चटणी आली आणि ताक आलं. आपल्याकडे पाहुण्याला "काय घेणार?" असं विचारतात. इथे विचारत नाहीत, हातात देतात. नको म्हणायची सवय असलेल्या माणसाचे फार हाल होतात.

हुरडा खाताना मी जरा मागे रेलले आणि माझा पदर थेट त्या पातेल्यात गेला. उचलला तर वीतभर गच्च चिकट.

"आवं आक्का, पदर!" मामी हसत धावत आल्या. "चिंचोक्याची खळ हाय ती. न्हाय जायाची साध्या पान्यानं, घरी गेल्यावर उकळत्या पान्यात टाका. ऱ्हाऊ द्या, काय बिगडत न्हाय. सुवर्णीच्या कालिजच्या सुताला बी हीच लावलीया की, पातळ करून. आता तुमची साडी बी कालिजात गेली म्हना!"

मी हसले. मामी हसल्या. सुवर्णा हसली नाही. तिच्या मुठीतला हुरडा तसाच राहिला.

"मामी, कुठल्या सुताला?"

"तुज्याच. तीनदा न्हाय का धाडलं?"

चिंचोके भाजून, भिजवून, दळून, शिजवून ही खळ करतात. ताण्याला लावली की सूत पिंजारत नाही, ताठ राहतं. ती ताण्यालाच लावायची असते, मोकळ्या लोकरीला कुणी लावत नाही. म्हणून सुवर्णाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. गेल्या वर्षीची लोकर तिने कातरणीच्या दिवशी स्वतः मेंढीजवळ बसून पिशवीत भरली होती. या वर्षी तिला सवड नव्हती. लोकर घरून आली ती सूत होऊन आली. तिला वाटलं, मामाने सोयीसाठी कातून दिली. सुवर्णा ते सूत धुवायची कोमट पाण्यात. खळ सुतालाच राहायची आणि तिच्या त्या अतिसूक्ष्म गोळ्यांना एकमेकांशी चिकटवून टाकायची.

"मामा," तिचा आवाज चढला, आणि पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली, "जशी कातराल तशी द्या म्हनलं व्हतं का न्हाय मी?"

"म्हनलीस."

"मग?"

मामा मुंडाशाचं टोक नीट करू लागले. "मला वाटलं, पोर भिडंनं कमी मागतीया. शान्या मानसांत जायाची लोकर. शेणालेंडीची, कुसळाची कशी द्यावी? लोकं म्हनली असती, भाची शिकली, पर घर काय सुदारलं न्हाय. म्हनून तुज्या मामीनं धा दिस बसून निवडली, कातली, खळ लावली. घरच्या घोंगडीला बी येवढी निगा केली न्हाय."

सुवर्णा मामांजवळ गेली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मला ती शेणाचीच पायजे व्हती, मामा."

"व्हय का?" मामा तिच्याकडे बघत राहिले. "शेणाची. लई शिकलीस."

पण अडचण तिथेच संपत नव्हती. दिवाळीच्या सुमाराला कातरलेली सगळी लोकर सूत होऊन गेली होती. पुढची कातरणी उन्हाळ्याच्या तोंडावर. थंडीत मेंढी कातरत नाहीत, तिला हुडहुडी भरते, दूध तुटतं, कधी दगावतेही. हे मला मामींनी कुजबुजून सांगितलं, आणि सांगून होईपर्यंत मामा आढ्यात खोचलेली कातर काढून मेंढ्यांच्या वाड्याकडे निघाले होते.

"आवं, थंडी हाय! गाबन हाय का कुनी बगा आदी!"

"एकच," मामा मागे न बघता म्हणाले. "चांदी. ती काटक हाय."

चांदीला त्यांनी मांडीवर घेतलं आणि तिच्याशी अखंड बोलत, खरं तर तिची माफी मागत, लोकर उतरवली. माती, शेण, कुसळं, सगळ्यासकट. सुवर्णा पिशवी धरून बसली होती. कातरून झाल्यावर चांदी कुणी कपडे पळवलेल्या माणसासारखी आक्रसून उभी राहिली. मामा घरात गेले, स्वतःची पांघरायची घोंगडी आणली, तिच्या पाठीवर टाकली आणि पोटाखालून दोरीने बांधली. चांदी कळपात परत गेली तर बाकीच्या मेंढ्या चार हात मागे सरकल्या. पाहुणी कोण, तेच त्यांना कळेना.

मला त्या क्षणी हसूही आलं आणि दुसरंही काही झालं. तेव्हा मी चष्मा पुसला. पदराने पुसला, आणि काचांवर चिंचोके.

शनिवार ते बुधवार

येताना एसटीत आमच्या पिशवीचा वास आमच्याआधी पोचला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मेंढीचं तिकीट काढावं लागतं."

"मेंढी नाही हो, तिचा झगा आहे."

"मग अर्धं."

मी परतीचं तिकीट रद्द केलं. लोकर धुतली, तिचं मेण काढलं, रसायनात विरघळवली. त्या वेळी खोलीत नासक्या अंड्यांचा असा काही वास सुटला, की मला मेंढीचा वास आठवून बरं वाटलं. मग ते द्रावण एका पातळ पिशवीत भरून तीन दिवस पाण्यात ठेवायचं. नको असलेलं पिशवीतून झिरपून बाहेर जातं, प्रथिन आत राहतं. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. ते काम मी मागून घेतलं आणि वेळा एका कागदावर लिहून भिंतीला लावल्या. उरलेल्या वेळात आम्ही इंग्रजी सुधारत होतो. पाणी बदलायच्या दोन वेळांमध्ये मामांचा फोन. विचारायचे एवढंच, "काय म्हनतंय?" आणि सांगायचे एवढंच, "चांदी खाती-पिती."

गुरुवार आणि शुक्रवार, प्रयोगशाळा

गुरुवारी सकाळी मॅडमनी पांढरा कोट माझ्या हातात दिला.

"घाला की मावशी."

"मी कशाला?"

"दुसरा हात लागतो म्हटलं नव्हतं का? तुम्हाला यातलं काही येत नाही, म्हणून तुम्हीच. हिनं लिहिलेली कृती वाचून करायचं. ही बोलणार नाही. मी बाजूला उभी आहे, घाबरू नका."

एका टेबलावर सुवर्णा तिची खेप करत होती, दुसऱ्यावर मी माझी. हातमोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा, धुराडं असलेल्या काचेच्या कपाटात हात घातलेले. चौथ्याच ओळीत मी थांबले. 'हळूहळू घालावे.' मी म्हटलं, "हळूहळू म्हणजे किती? माझ्या हळूहळूत आणि तुझ्या हळूहळूत चाळीस वर्षांचं अंतर आहे." सुवर्णा तोंड दाबून उभी. मॅडम मोठ्याने हसल्या. "बघितलीस? लिही आता, थेंब थेंब, एक तास." ते वाक्य तिथल्या तिथे सुधारलं. अशी सात वाक्यं सुधारली. आठवडाभर व्याकरण बघताना यातलं एकही माझ्या नजरेला खुपलं नव्हतं.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीने मामा येऊन बसले. दारातच चपला काढल्या, घाला म्हटलं तरी घालेनात. हात पाठीमागे घट्ट धरलेले, कशाला स्पर्श होऊ नये म्हणून.

आधी सुवर्णाची नळी. नारळाच्या दुधाचा रंग, निळसर झाक. आम्लाचा थेंब पडला तसं ते गढूळ पांढरं झालं. आम्लाच्या उलट गुणाचा द्रव घातल्यावर हळूहळू निवळलं. तळाला काही बसलं नाही. सुवर्णाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे बोट केलं.

डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि थेंब सोडला. नळी पांढरी झाली. एवढं चोथ्यालाही जमतं, हे आता मला कळत होतं. खरं काय ते पुढच्या, त्या उलट द्रवाच्या थेंबांनी ठरायचं होतं. एक घातला. काही नाही. दुसरा. काही नाही. मागे मामांचा श्वास ऐकू येत होता. तिसऱ्यानंतर नळीच्या वरच्या काठापासून पांढरेपणा सुटू लागला, जशी सकाळी खिडकीवरची वाफ सुटते. आणि नळीपलीकडची सुवर्णाची बोटं मला दिसली.

मॅडमनी नळी घेतली, उजेडात धरली, मग गोळ्यांचा आकार मोजणाऱ्या यंत्रात ठेवली. पडद्यावर आकृती आली. दोन्ही खेपांच्या रेषा त्यांनी एकावर एक ठेवल्या आणि चष्मा वर सरकवला.

"लिही पाचवं प्रकरण," त्या म्हणाल्या.

मामांनी विचारलं, "ह्यात दवा भरनार? आन् मानूस ती गिळनार?"

"पुढे कधीतरी, मामा."

"आजवर मेंढी पोटात गेली ती मटनाची. लोकर बी जानार म्हना आता." मग जरा थांबून, "खळ नसती लावली तर दिवाळीतच झालं आसतं न्हाय का, पोरी?"

सुवर्णाने टेबलावरच्या सगळ्या नळ्या गोळा केल्या, बेसिनशी गेली, नळ सोडला आणि आमच्याकडे पाठ करून एकेक धुऊ लागली. एकच नळी तिने पाच वेळा धुतली असेल. मी पुढे होणार तर मामांनी मान हलवली.

"धुऊ द्या तिला. तिची आई बी भांडी घासतानाच रडायची. तवा कुनी विचारायचं नसतंय."

मी हाताला लागलं ते फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि नळी पुसायला घेतली.

"आजी," ती भरल्या नाकाने म्हणाली, "ह्या फडक्यानं पुसायच्या नसतात. उपड्या ठेवायच्या."

मग ती धूत गेली आणि मी एकेक नळी स्टँडवर उपडी ठेवत गेले.